पेढीचे बिऱ्हाड

घर बदलण्याचे शास्त्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. आधी देव जातात, चुलीवर दूध उतू जाऊ देतात आणि मग बाकीचे सामान उंबरठा ओलांडते. पेढी हलवण्याचे शास्त्र मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. पेढी हलवण्यासाठी असते, असे आपल्या वाडवडिलांना कधी वाटलेच नसावे. गादी एकदा घातली की ती तिथेच राहायची. माणसे बदलायची, गादी नाही.

तसे पाहिले तर मराठवाड्याला कचेऱ्यांच्या स्थलांतराची सवय आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि इथल्या कागदपत्रांचे तोंड हैदराबादहून मुंबईकडे वळले. १९४२ साली हैदराबाद संस्थानात सुरू झालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. नांदेड-लातूरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘एसबीएच’ हे नाव इतके रुळले, की १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन होऊन पाट्या बदलल्या तरी जुनी मंडळी आजही ‘एसबीएचमध्ये जाऊन येतो’ असेच म्हणतात. मराठवाडा ग्रामीण बँकेचे मुख्य कार्यालय नांदेडला होते. २००९ मध्ये ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामावली गेली आणि आज त्या बँकेचे मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. नवे महसूल आयुक्तालय नांदेडला व्हावे की लातूरला, यावर दोन्ही शहरांनी वर्षानुवर्षे वाद घातला. कचेरी कुठे असावी हा प्रश्न आपल्याकडे नुसता सोयीचा कधीच नसतो. त्यात मानही गुंतलेला असतो.

परंतु ही सारी सरकारी आणि बँकांची स्थलांतरे. त्यांच्यामागे नियम असतात, निविदा असतात, जबाबदार अधिकारी असतो. एका कुटुंबाची पेढी हलते तेव्हा यातले काहीच नसते. लातूरच्या एका जैन कुटुंबाला २०२२ साली याचा जो अनुभव आला, तो अनेक व्यापारी कुटुंबांना आज ना उद्या येणार आहे. म्हणून तो सविस्तर सांगण्यासारखा आहे.

हे कुटुंब तीन पिढ्यांपासून आडतीच्या व्यवसायात. लातूरच्या मार्केट यार्डात त्यांचे आडत दुकान व कार्यालय, आणि नांदेडच्या जुन्या मोंढ्यात दुसरी पेढी. नांदेडची पेढी आधीची. कापसाच्या भरभराटीच्या काळात ती तिथे सुरू झाली आणि पुढे तूर, हरभरा व सोयाबीन यांच्या मागे कुटुंब लातूरला आले. पेढीचे कर्ते गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे. घरात आणि बाजारात सगळे त्यांना अण्णा म्हणत. थोरल्या मुलाने डाळीच्या पॅकिंगचा व्यवसाय वाढवला होता. त्याचे खरेदीदार पुण्यात, मालाची जाहिरात करणारे पुण्यात, नातवंडांचे शिक्षणही पुण्यात. सारा महाराष्ट्र मुलांना शिकायला लातूरला पाठवतो आणि लातूरची मुले पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जातात, ही त्यातली गंमत. मुलाने एके दिवशी विषय काढला : खरेदीची शाखा लातूरलाच राहील, नांदेडची पेढी बंद करावी, हिशेब, बँक आणि कर यांचे मुख्य कार्यालय पुण्यात न्यावे.

अण्णांनी विरोध केला नाही. ते एवढेच म्हणाले, “न्यायचे तर नीट न्या. पेढी म्हणजे खुर्च्या-टेबले नव्हेत.”

मुलाने मान डोलावली. पण त्या वाक्याचा अर्थ त्याला पुढे पावसाळ्यात कळला.

नांदेडची पेढी आधी हलवायची ठरली. सामान थोडेच होते : गादी, तक्के, मुनीमजींचे बैठे मेज, दोन लोखंडी कपाटे, एक संगणक, जुना वजनकाटा आणि माळ्यावर ठेवलेली कागदांची अकरा पोती. मुलाने पुण्यातील तीन-चार कंपन्यांना फोन लावले. एकीने पंचेचाळीस हजार सांगितले, दुसरीने अडतीस. तिसरीच्या प्रतिनिधीने सामान न पाहता, फोनवरच, दोन मिनिटांत बावीस हजारांचा दर दिला. तो गोड बोलत होता. “साहेब, आमची कंपनी आयबीए मान्यताप्राप्त आहे, काळजीच करू नका,” असेही त्याने सांगितले. पाच हजार रुपये आगाऊ गेले आणि व्यवहार ठरला. लेखी म्हणून मोबाइलवर आलेला चार ओळींचा एक संदेश तेवढा हाती होता.

आयबीए मान्यता या शब्दाविषयी इथे थोडे सांगणे जरूर आहे, कारण त्याला भुलणारे पुष्कळ आहेत. इंडियन बँक्स असोसिएशन ही बँकांची संघटना आहे. व्यापारी माल पाठवतो, वाहतूकदार त्याला मालाची पावती, म्हणजे बिल्टी देतो, आणि त्या बिल्टीच्या आधारे बँक हुंडीवर पैसे देते. अशा वेळी कोणत्या वाहतूकदाराच्या बिल्टीवर बँकांनी विश्वास ठेवावा, यासाठी ही संघटना वाहतूकदारांची शिफारस करते. शिफारशीचा हेतू बँकेच्या पैशाची सुरक्षितता हा आहे. तुमचे कपाट ओरखडा न पडता पोहोचेल, याचे ते प्रमाणपत्र नव्हे. शिवाय फोनवर ‘मान्यताप्राप्त’ म्हणणाऱ्याचे नाव त्या यादीत असेलच, असेही नाही. नावाजलेल्या कंपनीच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून धंदा करणारेही या व्यवसायात थोडे नाहीत.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गाडी नांदेडला आली. मुलगा त्या दिवशी पुण्यात होता. पेढीवर वृद्ध मुनीमजी आणि एक नोकर. गाडी आली ती अर्धी भरलेली. आत दुसऱ्याच कोणाचे पलंग आणि शीतकपाट. कामगारांनी भराभर सामान बांधले आणि यादीचा कागद मुनीमजींपुढे धरला. प्रत्येक वस्तूपुढे तिचे मूल्य लिहायचे होते. संगणक पंधरा हजार, कपाटे दहा हजार, काटा चार हजार. शेवटी पोत्यांपाशी पेन थांबले. मुनीमजींनी पुण्याला फोन लावून विचारले.

“जुन्या कागदांची काय किंमत? शून्य लिहा, मुनीमजी,” मुलगा घाईत म्हणाला.

मुनीमजींनी लिहिले : ‘जुने कागद, ११ नग, मूल्य ०.’ खाली सही केली.

नांदेड ते पुणे हे अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. गाडी दुसऱ्या दिवशी पोहोचायला हवी होती. ती आली पाचव्या दिवशी. मधल्या काळात माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवला गेला होता आणि त्या दोन गाड्यांच्या मधल्या दोन रात्री तो कुठल्याशा आवारात फाटक्या ताडपत्रीखाली पडून होता. पुण्यात शिरताना नवा अडथळा आला. शहरात जड वाहनांना दिवसा मज्जाव, त्यामुळे गाडी रात्रीपर्यंत हडपसरच्या बाजूला थांबली. रात्री अकराला चालकाचा फोन आला : थांबल्याचे पैसे, तिसऱ्या मजल्याचे पैसे, कराचे पैसे, असे आणखी पंधरा हजार. “मालक, ऑफिसमधून सांगितलंय, पैसे जमा झाल्याशिवाय ताडपत्री सोडायची नाही.”

ज्याचा माल दुसऱ्याच्या गाडीत असतो, त्याचे भांडण आधीच हरलेले असते. मुलाने पैसे भरले. पहाटे दोन वाजता सामान वर आले. संगणक शाबूत होता, कपाट एका कोपऱ्यात चेपले होते. अकरांपैकी सात पोती भिजून काळी पडली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीकडे भरपाई मागितली. उत्तर तयारच होते. त्यांनी त्याच्याच मुनीमजींच्या सहीची यादी पुढे केली : मूल्य शून्य. कायदाही त्याच्या बाजूने फारसा उभा राहीना. रस्त्यावरील मालवाहतुकीसाठी २००७ चा वाहतूक कायदा आणि त्याखालील २०११ चे नियम आहेत. त्यांनुसार, जास्तीचा जोखीम दर भरलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपुरती असते आणि तीही मालाच्या घोषित मूल्याहून अधिक होत नाही. भाडे बावीस हजार, त्याची दहापट दोन लाख वीस हजार. परंतु घोषित मूल्य शून्य, म्हणून भरपाईही शून्य. हिशेबात कुठेच चूक नव्हती. तो शून्य कंपनीने लिहिला नव्हता, आपणच फोनवर सांगितला होता, ही गोष्ट मुलाला अधिक लागली.

आठ दिवस त्याने अण्णांना काही सांगितले नाही. गच्चीवर प्लास्टिक अंथरून तो आणि त्याची पत्नी वह्या वाळवत राहिले. लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या. काहींचे अक्षर मोडी वळणाचे. पाने एकमेकांना चिकटली होती. सोडवायला गेले की फाटत. शाई पसरून निळसर डाग तेवढे उरले होते. अखेर रविवारी त्याने लातूरला फोन केला आणि सगळे सांगितले.

अण्णांनी ऐकून घेतले. मग विचारले, “हाली-कलदारची वही होती का त्यात?”

“होती, अण्णा.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता.

आजच्या पिढीला हे शब्द ठाऊक नसतील. निजामाच्या राज्यात हैदराबादचे स्वतःचे चलन होते. त्याला हाली म्हणत, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला कलदार. हालीचे सात रुपये म्हणजे कलदाराचे सहा. १९५९ पर्यंत हे जुने चलन व्यवहारातून पूर्ण जाईपर्यंत नांदेडच्या व्यापाऱ्याला दोन्हींचा हिशेब ठेवावा लागे. त्या वहीत एकेका पानावर दोन रकाने होते : एक हालीचा, एक कलदाराचा. अण्णांच्या वडिलांनी रात्री कंदिलाच्या उजेडात सातास सहाचे गणित करून त्या रकमा लिहिल्या होत्या आणि लहानग्या अण्णांना भागाकार शिकवला होता तो त्याच वहीवर. आता सात आणि सहा एकाच डागात मिसळले होते.

थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, “लातूरचे सामान कधी काढायचे? या वेळी मी बघतो.” मुलाला रागावले असते तर बरे, असे त्याला वाटले. अण्णा रागावले नाहीत.

लातूरची पेढी हलवायला पुढे दोन महिने लागले आणि ते दोन महिने वाया गेले नाहीत. अण्णांनी पहिल्याच दिवशी एक कोरी वही काढली. प्रत्येक वस्तूपुढे त्यांनी तीन प्रश्न लिहिले : ही वस्तू काय आहे? पोहोचली नाही तर काय होईल? तेव्हा जबाबदार कोण? पेढीतील एकही वस्तू या तीन प्रश्नांतून सुटली नाही. त्यातून आपोआप तीन ढीग झाले. पैसे देऊन पुन्हा मिळेल ते गाडीत जाईल. पैसे देऊन मिळेल, पण काम अडेल, ते स्वतःच्या वाहनातून जाईल : हिशेबाच्या प्रती, धनादेश पुस्तिका, रबरी शिक्के, डिजिटल स्वाक्षरीची किल्ली, मूळ परवाने. आणि पैसे देऊनही मिळणार नाही, ते दुसऱ्याच्या हाती दिले जाणार नाही.

मुनीमजींनी या वेळी तीन कंपन्यांच्या माणसांना लातूरला बोलावून घेतले. सामान पाहिल्याशिवाय दर देणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवायचे, असे ठरले. तिघांच्या दरांचा तक्ता केला, बँका करतात तसा : बांधणी, चढवणे, भाडे, उतरवणे, कर, विमा, प्रत्येकाचा वेगळा रकाना. सर्वांत स्वस्त दर कोणाचा, हे तक्ता केल्याशिवाय कळतच नाही. ज्याचा एकूण आकडा कमी होता, त्याच्या तक्त्यात दोन रकाने रिकामे होते, आणि रिकामा रकाना पुढे रात्री अकरा वाजता भरला जातो, हे आता सर्वांना ठाऊक होते.

प्रत्येक कंपनीला तेच प्रश्न विचारले गेले. वाहतूकदार म्हणून नोंदणी आहे का? जीएसटी क्रमांक कोणता? हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो आणि कोणाच्या नावावर, कोणत्या पत्त्यावर आहे ते दिसते. नातवाने पाच मिनिटांत तिन्ही तपासले. एकाचा निघाला भलत्याच व्यवसायाचा. गाडी आपल्या एकट्याच्या सामानाची असेल की भागीतली? वाटेत माल दुसऱ्या गाडीत चढवणार का? विमा म्हणता तो विमा कंपनीचा की तुमचा तोंडी? विमा कंपनीचा असेल तर पॉलिसीची प्रत गाडी सुटण्यापूर्वी हाती हवी. घरातील वापरलेल्या सामानाला ई-वे बिलातून सूट आहे. कार्यालयाचे सामान त्या सवलतीत बसत नाही, तर ती कागदपत्रे कोण करणार? पुण्यात गाडीला रात्रीच शिरता येते, हे दरात धरले आहे का? आणि शेवटचा प्रश्न : आगाऊ किती? उरलेली रक्कम शेवटचा नग वर पोहोचून यादीशी जुळल्यावर मिळेल, हे लेखी मान्य आहे का?

एका कंपनीने सगळ्याला लेखी होकार दिला. दर त्रेपन्न हजार. मुलाने काही न बोलता सही केली.

एवढ्यावर काम संपले नव्हते. जीएसटीच्या नोंदणीत मुख्य कार्यालयाचा पत्ता बदलल्यावर पंधरा दिवसांच्या आत दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. बँकेत, प्राप्तिकर खात्यात, अन्नपरवान्यावर, प्रत्येक ठिकाणी नवा पत्ता. बाजार समितीचा परवाना लातूरचाच राहणार होता. जुन्या ग्राहकांना अण्णांनी पोस्टकार्डे लिहिली. मुलगा म्हणाला, संदेश पाठवला की झाले. अण्णा म्हणाले, “संदेश पुसला जातो. पोस्टकार्ड कोणी तरी खिळ्याला अडकवून ठेवतो.” बँक आपली शाखा हलवते, तेव्हा लॉकर असलेल्या ग्राहकांना निदान दोन महिने आधी कळवावे लागते आणि दोन वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते; त्यांतले एक स्थानिक भाषेचे असावे लागते. ज्याने आपल्यापाशी काही ठेवले आहे, त्याला न सांगता जागा सोडू नये, हा त्यामागचा साधा विचार. आडतीच्या पेढीवरही शेतकऱ्याने विश्वास ठेवलेलाच असतो. तेव्हा सूचना त्यालाही हवी.

सामान काढायच्या दिवशी तिजोरीने सर्वांना अडवले. ती आजोबांच्या काळातली, जाड पत्र्याची, चाके नसलेली. कंपनीची चार पोरे तिला हात लावून मागे सरकली. मार्केट यार्डातला हमालांचा मुकादम दारातून बघत होता. तो पुढे आला.

“अण्णा, हे आमच्यावर सोडा. ह्या पोरांनी कागदाची खोकी उचलावीत.”

त्याने पहार मागवली, तीन लोखंडी नळ्या आणि दोर. तिजोरी एका बाजूने इंचभर उचलली, खाली नळी सारली, मग दुसरी. मागची नळी मोकळी झाली की ती पुढे आणायची. आवाज नाही, घाई नाही. पाऊण तासात तिजोरी गाडीच्या फळीवर होती आणि फरशीवर ओरखडाही नव्हता. महाराष्ट्रात हमाल-माथाडींसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा झाला, तो त्यांच्या कष्टाला दाम मिळावा म्हणून. त्यांच्या कसबाची नोंद मात्र कुठल्या यादीत नसते. अण्णांनी ठरलेल्या दराने हमाली दिली. मुकादमाने ती मोजून घेतली आणि जाताना उंबऱ्याला हात लावून हात कपाळाशी नेला. या उंबऱ्यावरून त्याच्या बापानेही पोती वाहिली होती.

आता उरल्या वह्या. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून बहात्तर महिने जपावी लागतात. त्याहून जुन्या वह्यांची कायद्याला गरज नव्हती. मुलाला आता त्या रद्दीत टाकवेनात आणि पुण्याच्या कार्यालयात त्या साऱ्या मावणार नव्हत्या. अण्णा म्हणाले, “आधी बघू तरी काय आहे.” त्या रात्री रिकाम्या पेढीत सतरंजी अंथरून अण्णा, मुनीमजी, मुलगा, सून आणि नातू बसले.

नातवाच्या हाती १९९३ ची वही आली. लातूरचे कोणतेही घर हा आकडा सहज वाचून पुढे जात नाही. त्या वर्षी अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून माणसे झोपली होती. आपल्या घरांतून दशलक्षण पर्व नुकतेच पूर्ण झाले होते आणि क्षमावाणी उंबरठ्यावर होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराची भुई हलली. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. कित्येक गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली.

“आजोबा, इथे सगळ्या नावांपुढे एकच शेरा आहे,” नातू म्हणाला.

पान शेतकऱ्यांच्या उचलीचे होते. पेरणीच्या वेळी पेढीने दिलेले पैसे, पीक आल्यावर वळते करायचे. किल्लारीच्या आसपासच्या गावांतील चौदा नावे. प्रत्येक नावापुढे पणजोबांच्या घोटीव अक्षरात दोन शब्द : ‘येणे नाही.’ दिवाळीला नवी वही उघडली, तेव्हा या चौदांची बाकी पुढे ओढलेलीच नव्हती.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग सांगितले ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वेळी ते पंचेचाळीसचे होते आणि या दोन शब्दांवरून वडिलांशी भांडले होते. पेढीच्या भांडवलाचा मोठा वाटा त्या चौदा नावांत होता. चौदांपैकी काहींचे भाऊ, मुले, जावई जिवंत होते. जमिनी जागेवर होत्या. सरकारी मदत येणार होती. सावकाश मागितले असते तर निम्मे तरी आले असते. “मी तसे म्हणालो वडिलांना. ते म्हणाले, ज्याच्या घरात माणूस उरला नाही त्याच्याकडे येणे आहे असे वहीत लिहायचे, म्हणजे वहीला खोटे बोलायला लावायचे. मी दोन महिने त्यांच्याशी नीट बोललो नाही. क्षमावाणी त्या वर्षी आमच्या घरात झालीच नाही.” ते थांबले. “पुढच्या वर्षी केली. पण त्या वर्षीची राहिलीच.”

कोणी काही बोलले नाही. मुनीमजी वही हाती घेऊन ती चौदा नावे हळू आवाजात वाचू लागले. काही माणसे त्यांनी पाहिली होती.

बँकेच्या भाषेत अशा रकमेला बुडीत म्हणतात आणि ती नफ्यातोट्याच्या खात्याला नावे टाकतात. पणजोबांनीही तेच केले होते. फक्त त्यांनी ती बुडाली असे लिहिले नाही. ‘बुडाली’ म्हटले की बुडवणारा आला. ‘येणे नाही’ म्हटले की हिशेब सरळ होतो आणि माणसावर बोट राहत नाही. हा फरक कोणत्याही लेखापरीक्षकाला दिसला नसता, आणि वहीचे मूल्य शून्य लिहिणाऱ्यालाही दिसला नव्हता.

त्या रात्री निवड झाली. बहुतेक वह्या लातूरच्या राहत्या घरी, कोरड्या खोलीत, कपाटात ठेवायच्या. नांदेडच्या वाचलेल्या चार पोत्यांतील वह्याही तिथेच आणायच्या. नातवाने प्रत्येक वहीच्या महत्त्वाच्या पानांची मोबाइलवर छायाचित्रे घेण्याचे काम अंगावर घेतले. हे काम नांदेडची गाडी भरण्यापूर्वी झाले असते, तर हाली-कलदारची वही आज निदान चित्रात तरी असती, हे त्याने स्वतःच बोलून दाखवले. नऊ वह्या पुण्याला न्यायच्या ठरल्या. त्यांत १९९३ ची एक.

सकाळी कंपनीचा माणूस यादी घेऊन आला. तिजोरी, कपाटे, संगणक, मेज, प्रत्येकापुढे मूल्य. ते सर्व नीट तपासून अण्णांनी सही करण्यापूर्वी शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली : ‘जुन्या वह्या, ९ नग, सोबत नेल्या.’ मूल्याच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ ओढली.

“अण्णा, तुमच्याबरोबर जाणार असतील तर यादीत कशाला लिहिता?” त्या माणसाने विचारले.

“तुमच्यासाठी नाही. आमच्यासाठी लिहिले,” अण्णा म्हणाले.

गाडी दुसऱ्या रात्री पुण्यात पोहोचली, ठरल्या वेळी, ठरल्या पैशांत. नऊ वह्या मोटारीतून गेल्या. १९९३ ची वाटभर मुलाच्या मांडीवर होती. मुनीमजी लातूरच्या शाखेवर राहिले. अण्णाही लातूरलाच राहिले. महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन दोन दिवस कार्यालयात बसतात. त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात जुनी गादी घातली आहे. नव्या पद्धतीच्या त्या कार्यालयात ती थोडी विसंगत दिसते, पण अण्णा तिच्यावर बसले की सगळे ठीक वाटते.

त्या दिवाळीला पुण्याच्या कार्यालयात पहिले वहीपूजन झाले. संगणकाला कुंकू लागले, त्याच्याशेजारी नवी लाल वही ठेवली. पहिल्या पानावर मुलाने ‘वीर निर्वाण संवत २५४९’ असे लिहिले, खाली शुभ, लाभ. मग तो थांबला. पाटाशी बसलेल्या अण्णांकडे वळून, हात जोडून, त्याने नांदेडच्या वहीबद्दल क्षमा मागितली. जूनमध्ये त्याने सगळे सांगितले होते, पण क्षमा मागितली नव्हती.

अण्णा म्हणाले, “येणे नाही.” आणि कापूर पेटवायला सांगितले.